आधी नाही म्हणून दाखव

"तुझं नाव गंगूबाई, हो ना?"

सिस्टर खाटेजवळ आल्या की पेनाचं टोपण दातात धरत अन् असं काहीतरी उलटंच इचारत. एखाद्या बाईचं नाव सुनीता राहे, सिस्टरले ते चांगलं ठाऊक राहे, तरी गंगूबाईच. मंग बाई म्हणे, "नाही वं सिस्टर, मी सुनीता." की सिस्टर खूश. "हां, फुटलं तोंड. आता मी इचारते ते तू खरं सांगशीन."

तुम्ही सरकारी दवाखान्यात राह्यले असान तं तुम्ही बी पाह्यलं असन, आपण बाया तिथं सगळ्याले हो म्हणतो. जेवली का, हो. गोळी घेतली का, हो. बरं वाटते का, हो. अंगात तापाची कणकण भरून राह्यली तरी मान खालीवर हलते. सिस्टरले त्या हो चा लय राग. त्या म्हणत, "आधी मले एकदा नाही म्हणून दाखव, मंग तुझं हो मी लिहून घेईन."

त्यायच्या मागं नर्सिंग शिकणाऱ्या दोन पोरी फिरत. त्यायले त्या खाटेजवळ उभं करून शिकवत, म्हणून आमच्या बी कानावर पडे. "डॉक्टर बिमारीचं नाव लिहतात. ते त्यायचं काम. आपल्याले लिहा लागते, या बिमारीपायी या बाईचं काय अडलं. झोप अडली, का उठणं-बसणं अडलं, का जिवात भेव भरलं. ते आपलं निदान. अन् ते आपण एकटीनं ठरवाचं नाही. जिचं हाय तिले इचाराचं, बाई, मले असं वाटते, बरोबर हाय का. तिनं बरोबर म्हटलं तवाच ते बरोबर."

एक पोरगी म्हणाली, "पण मॅडम, पुस्तकात तं सगळं लिहेल हाय."

"मंग पुस्तकालेच सलाईन लाव."

आमचा अख्खा वार्ड हसला होता तवा. मी नाही हसली. मी हसू शकत नव्हती, ते काऊन ते आता सांगते, तुम्हाले सांगाले बी मले कसंतरीच होऊन राह्यलं.

माझं पहिलंच बाळंतपण, पोरगा झाला. लय तरास झाला, टाके पडले, रक्ताची पिशवी लावली. अन् बाळंत झाली तवापासून मले लघवी धरवेना. खोकला आला की, उठाले गेली की, हसू आलं की, झालं. पोराले मांडीवर घेतलं, त्याचा भार पोटावर पडला की मांडी ओली. मी श्वास धरून बसू, वाटे श्वास सोडला की सुटन, मंग दम लागे, मंग दमानं खोकला ये, मंग पुन्हा तेच. पाणी पिणं सोडून देलं. मनात एकच, ओल्या मांडीवर पोरगं घेतलं तं त्याच्या अंगाले वास लागन, मंग सासूबाईले समजन, मंग मालकाले समजन, मंग माझ्याजवळ कोण येईन.

म्हणून मी पोरगं मांडीवर घेतच नव्हती. ते रडलं की सासूबाईजवळ देऊ अन् म्हणू, दूधच येत नाही.

दूध येत होतं. चोळी भिजून जाये. पदरानं झाकून घेऊ.

पोरगं सुकाले लागलं. रोज सकाळी त्याले काट्यावर ठेवत, रोज काटा मागं. डॉक्टर म्हणाले, "आईले दूध नाही. वजन असंच उतरत राह्यलं तं बाळाले बुलडाण्याले पाठवा लागन, काचेच्या पेटीत ठेवाले." आमच्या गल्लीतल्या एकीचं पोरगं असंच पाठवलं होतं. ते पोरगं वापस आलं नाही. तरी माझं तोंड उघडलं नाही. शरम अशी राह्यते पहा, पोरगं जाऊन राह्यलं हे दिसते अन् तोंड उघडत नाही.

त्या संध्याकाळी सिस्टर आल्या तं घाईत होत्या, दोन नव्या बाया आल्या होत्या वार्डात. गंगूबाई नाही अन् काही नाही, सरळच इचारलं. "घरून पोटभर खाले भेटते का नाही? का सासू हात आखडते?"

मी म्हटलं, "हो."

कशाले हो म्हटलं ते मलेच समजलं नाही. सिस्टरनं सासूबाईले बाजूले घेतलं अन् सुनावलं. सासूबाई रोज पायी स्टँडवर जाऊन एसटीनं डबा घेऊन येत, खसखशीची खीर, मेथीचे लाडू. त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. मंग हळूच मले म्हणाल्या, "मी हात आखडते का वं? तसं सांगतलं तू?" मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

सकाळी सिस्टर पोरींसंगं आल्या. टोपण दातात. माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "तुले पोरगी झाली ना?"

मी म्हटलं, "हो सिस्टर."

सासूबाईनं कपाळाले हात लावला. "अवं येडे, पोरगा हाय ना. चार दिवस झाले पेढे वाटून."

सिस्टर म्हणाल्या, "घ्या. हिले उंट दाखवून बकरी म्हटलं तरी हे हो म्हणन, अन् दूध बी काढाले बसन." वार्ड असा हसला की बाजूच्या खाटेवरच्या बाईनं टाके धरले. मले बी हसू आलं, आवरलंच नाही. अन् व्हाचं तेच झालं. पोरगं तवा नेमकं मांडीवर होतं, सासूबाईनं ठेवलं होतं. मी त्याले पटकन खाटेवर सरकवलं, गुडघे आवळले, चादर वढली.

सगळे हसतच होते. सिस्टर हसायच्या थांबल्या होत्या. त्या मह्या चादरीकडं नाही, मह्या गुडघ्याकडं पाहून राह्यल्या होत्या. मंग सासूबाईकडं वळल्या अन् सगळ्यायसमोर म्हणाल्या, "मावशी, काल मी तुम्हाले बोलली ते चुकीचं बोलली. हिचं हो मी तपासून नाही घेतलं. माफ करा."

सासूबाई म्हणाल्या, "हाव, असू द्या माय. तुम्हाले बी लय काम राह्यते." पण डोळे पुसले त्यायनं.

दुपारी सासूबाई खाली भाकर खाले गेल्या. सिस्टर एकट्याच आल्या, पोरी नाही. खाटेभोवतीचा पडदा वढला अन् माझ्या पायथ्याशी बसल्या. मले वाटलं, आता काढतात पांघरूण. नाही काढलं. त्यायनं नुसतं इचारलं.

"तुले हे पोरगं नको होतं."

मी चमकली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे पाह्यजे होतं."

"बरं. सासू उपाशी ठेवते."

"नाही." मले रडू यायले लागलं. "नाही सिस्टर, त्या लय करतात."

"तुले दूध नाही."

बाहेर कोणीतरी बादली आपटली. मंग मी म्हटलं, "नाही. दूध हाय."

"मंग पोराले मांडीवर घेत नाही, ते मांडी ओली होते म्हणून."

आता तुम्ही म्हणसान, इथं हो म्हणाचं होतं. जनमभर सगळ्याले हो म्हणत आली मी, बाप म्हणाला शाळा पुरे, हो, आई म्हणाली हे स्थळ चांगलं, हो, अन् एवढी एक खरी गोष्ट समोर आली तं जीभ टाळूले चिकटली. कानापासून मानेपर्यंत गरम झालं. मी त्यायच्या चपलेकडं पाहत राह्यली. निळा पट्टा होता, एका जागी टाचणी लावेल.

सिस्टर म्हणाल्या, "हो म्हणू नको. जमत नसन तं नको म्हणू. फक्त मी चुकत असन तं नाही म्हण. नाही म्हणता येते तुले, आत्ताच तीनदा म्हटलं."

त्या थांबल्या. किती थांबल्या ते मले सांगता येत नाही, पण हे माणूस आता उठत नाही हे मले समजलं होतं. मी नाही म्हटलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "सारखं गळते, का खोकल्या-हसण्यानं?"

"हसण्यानं. खोकल्यानं. उठताना."

"मंग दुरुस्त होते. बाळंतपणात खालचं ढिलं पडते. लय बायायचं होते, कोणी सांगत नाही म्हणून तुले वाटते तुझंच झालं. पण पाणी सोडलं तू, हे वाईट केलं. अन् मांडीवरच पाजाले पाह्यजे असं कोणी सांगतलं तुले?"

त्यायनं मले कुशीवर केलं. खाली रबराचा कपडा, वर जुन्या लुगड्याची घडी. पोरगं माझ्या बाजूले झोपवलं, पोटाले पोट लावून, मांडीचा काही संबंधच नाही. त्याचं तोंड लावून देलं. पहिले ते नुसतं चाटत राह्यलं. मंग त्याचा जबडा हलाले लागला अन् गटगट आवाज आला. सिस्टर म्हणाल्या, "आता श्वास सोड. कोणासाठी धरून ठेवला?" मी सोडला. झालं बी थोडं. घडीनं पिऊन घेतलं. पोराले काही समजलं नाही, ते पीतच राह्यलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरायचा राउंड. सगळे मह्या खाटेभोवती, दोन्ही पोरी, डॉक्टर, बाजूच्या बायायचे कान. डॉक्टर म्हणाले, "आज पाठवाचं ना बाळ?" एक पोरगी इचाराले लागली, "मॅडम, आपण इथं काय लिह्यलं..." आता हे वाचतात, आता सगळ्यायले समजते.

सिस्टरनं तिच्याकडं पाह्यलं बी नाही. "सर, दूध हाय. बसून पाजणं जमत नव्हतं, आता झोपून पाजते. एक दिवस द्या. बाकीचं मी तुम्हाले तुमच्या खोलीत येऊन सांगते."

डॉक्टरनं मह्याकडं पाह्यलं, मंग सिस्टरकडं. "ठीक हाय. उद्या काट्यावर पाहू."

त्या दिवशी मी पोराले सोडलंच नाही. सासूबाई पाण्याचा गिलास भरून देत अन् मी पिऊ. त्यायले सिस्टरनं काय सांगतलं माहीत नाही, पण त्या लुगड्याच्या घड्या धुवून आणून ठेवत. सकाळी काटा पाह्यला तं मागं गेला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुढं सरकला. डॉक्टर म्हणाले, "बुलडाणा रद्द."

सुट्टी झाली त्या दिवशी सिस्टरनं मले लघवी धरतो तसं खालचं अंग आवळाचं-सोडाचं शिकवलं. "भाकर थापताना कर, निंदताना कर, कोणाले दिसत नाही. सव्वा महिन्यानं मले दाखवाले ये. थांबलं नसन तं मोठ्या डॉक्टरीणबाईकडं पाठवीन." मी मान हलवली. त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं नाही. पाया पडली नाही, थँक्यू म्हटलं नाही.

अन् गेली बी नाही दाखवाले. पोराचे डोस गावातच आशाताईकडं घेतले. मले हळूहळू आराम पडत गेला, पण दवाखान्याच्या रस्त्यानं जाचं म्हटलं की कान गरम होत. माणसाचं कसं राह्यते पहा. जिनं वाचवलं तिच्याच समोर जाववत नाही, कारण सगळ्या जगात तिलेच माहीत हाय.

पोरगं बसाले लागलं होतं तवाची गोष्ट. मी माहेरी आली होती अन् मोताळ्याच्या बाजारात गेली. पोरगं खांद्यावर, हातात थैली. भाजीच्या दुकानायच्या वळीत पुढं पाह्यलं तं सिस्टर. कपडे दवाखान्याचे नाही, साधी हिरवी साडी, म्हणून पहिले वळखलं नाही. त्यायनं मले वळखलं. मले पाह्यलं, मंग पोराकडं पाह्यलं, त्याच्या मांड्यायकडं. मांडीले वळ्या पडल्या होत्या चांगल्या. त्यायचे ओठ थोडे हलले, बोलणार असं वाटलं. मी मान खाली घातली.

सिस्टर वळल्या. माझ्याकडं पाठ केली अन् खाली बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पाहाले लागल्या. ते भाजीवाली म्हणे, "घ्या ना बाई, ताजा हाय सांबार," अन् त्या एक जुडी उचलत, ठेवत, पुन्हा तेच उचलत. तेवढ्यात मी त्यायच्या मागून निंघून जावं, म्हणून. मले समजलं होतं ते. तरी मी गेली, भराभरा, पदर सावरत.

पुढं आशाताईकडून समजलं, त्यायची बदली झाली, जानेफळकडं कुठंतरी. पुन्हा दिसल्या नाही.

बाजारात त्या दिवशी भाजीची वळ संपेपर्यंत मी काही मागं पाह्यलं नाही. पोरगं खांद्यावर होतं, त्याचं तोंड मागं. मधातच ते खुदकन हसलं, अन् हात हलवाले लागलं.