खाली माणसं राहतात

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत आणि ती खालच्या खोलीत खिडकीशी बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवी. मेण मऊ आहे तोवर दात हलता कामा नये. हलला, की ज्याची कवळी त्याने जन्मभर वाकडं चावायचं. आणि नेमका तिच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, तिचा धाकटा भाऊ आपल्या बँडला घेऊन सराव करी.

आई त्याला पिल्लू म्हणे. पिल्लाची दाढी छातीपर्यंत आली होती. त्याचा ऑर्गन कपाटाएवढा होता, आणि एकेक गाणं अर्धा-अर्धा तास चाले. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत त्याला. ताल मध्येच बदलायचा, कुठूनतरी बासरी यायची, मग सगळं गप्प व्हायचं. संपलं एकदाचं म्हणून तिने चिमटा उचलावा, तर ड्रमवाला असा तुटून पडे की मेणातले दात एकमेकांच्या अंगावर रेलत.

"पिल्लू, जरा हळू."

"ताई, हे हळू वाजवायचं संगीत नाहीये."

"संगीत तरी आहे का?"

आई खाटेवरून म्हणे, "असू दे गं. मोठा होईल तो." तिशी उलटलेला बाप्या आणखी किती मोठा व्हायचा, हे विचारणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी आईची छाती भरली. श्वास घेताना घरघर ऐकू येई. डॉक्टर म्हणाले, यांना झोप मिळू द्या. तिने सकाळीच भावाला बजावलं. त्याने मान डोलावली. आणि दुपारी वर धडधड सुरू झाली. छताचा पोपडा सुटून आईच्या पाण्याच्या भांड्यात पडला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिना चढून तिने लाथेनेच दार उघडलं.

"अरे, खाली माणसं राहतात! माणसं राहतात खाली!"

सगळे थांबले. कोपऱ्यात रेकॉर्डिंगच्या टेपची चाकं तेवढी फिरत होती. ती धापा टाकत म्हणाली, "आई आहे खाली. तिला श्वास घेता येत नाहीये."

भावाने कानावरचे हेडफोन खाली घेतले. "एवढं संपवतो, ताई." आणि दार लावून घेतलं.

आई गेली तेव्हा तो दौऱ्यावर होता. सगळं उरकल्यावर आला, दारातच हंबरडा फोडला. घरात नातेवाईक होते, म्हणून तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि तोंड मिटून घेतलं.

काही महिन्यांनी ती डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला गेली होती. रेडिओवर गाणं लागलं होतं. नर्स हसत म्हणाली, "बाई, हा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे हो!" तिने कान दिला. तिचाच आवाज होता. अर्ध्या तासाचं ते लचांड रेकॉर्ड कंपनीने कापून चार मिनिटांचं केलं होतं, आणि त्यात लोकांना म्हणता येईल असं एकच काही होतं, तिची आरोळी, 'माणसं राहतात खाली!' तीच पुन्हा पुन्हा वाजवली होती.

मग तिला रस्त्याने चालणं नको झालं. बसमध्ये, दुकानात, जिथे तिथे तेच. एका म्हाताऱ्याने नवी कवळी तोंडात बसते का बघायला तेच वाक्य म्हटलं आणि स्वतःच खो-खो हसला. तिने कवळी त्याच्या तोंडातून काढून घेतली. "दुसरीकडे करून घ्या."

रेडिओवर भावाची मुलाखत झाली. गाणं कसं सुचलं? तो म्हणाला, समाजाच्या तळाशी दबलेल्या माणसांचा आक्रोश मला स्वप्नात ऐकू आला. तिने रेडिओची वायर उपटली आणि वर गेली.

"तुझ्या स्वप्नात मी कधी आले रे?"

"ताई, कलेत असं थोडं..."

"माझा आवाज घेतलास. विचारलं नाहीस, ते एक असो. पण पुढचं कुठे गेलं? 'आई आहे खाली,' ते कुठे गेलं?"

त्याने दाढी खाजवली. "ते तालात बसत नव्हतं."

ती खाली आली. आठवड्याभरात एक वार्ताहर बाई गाण्याची जन्मकथा शोधत दाराशी आली. तिने तिला आत बसवलं आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता लोक त्याच्या तोंडावर थुंकतील. झालं भलतंच. छापून आलं आणि लोक खाली मरणाऱ्या आईसाठी रडले; दार लावून घेतल्याचं कोणी मनावर घेतलं नाही. आईसाठी केलेलं गाणं, असा बोलबाला झाला. दाराशी फुलं येऊन पडू लागली. रेकॉर्ड पुन्हा धडाक्यात खपली.

भाऊ हसत खाली आला. "बरं केलंस, ताई. मला काही हे सांगायचा धीर झाला नसता." आणि तिला मिठी मारायला पुढे सरसावला.

ती मागे सरली. "वरची खोली रिकामी कर."

"अगं, हे घर..."

"आईने माझ्या नावावर केलंय, तुला माहीत आहे."

ऑर्गन जिन्याच्या वळणावर अडकला. ड्रमवाला आणि भाऊ घामाघूम झाले.

"कठडा कापावा लागेल," भाऊ म्हणाला.

"हात लावून तर बघ."

"मग ऑर्गन मोडावा लागेल!"

"मोड."

शेवटी त्यांनी तो तिथेच खोलला. पट्ट्या, फळ्या, तारा, एकेक करून रस्त्यावरच्या टेम्पोत गेल्या. शेवटची फळी काखेत मारून भाऊ दारात थांबला. "आईने असं केलं नसतं."

"नसतंच केलं. म्हणून तर तू असा झालास."

टेम्पो गेला. घर गप्प झालं. आता तरी राग निवेल असं तिला वाटलं होतं, पण त्या शांततेत आईची घरघर आणखीच स्पष्ट ऐकू येई. मेणातले दात मात्र सरळ बसू लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका नातेवाइकाच्या लग्नात दोघं समोरासमोर आली. त्याची दाढी पांढरी झाली होती, आणि कवळी कोणा दुसऱ्याने बनवली होती, ती नीट बसत नव्हती, हे तिला एका नजरेत दिसलं. त्याने उठून आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. जेवणं आटपेपर्यंत ती भिंतीशी उभीच राहिली.