राखून ठेवलेली खिंड

पायपीटकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. गल्लीतल्या कुणीतरी थट्टेनं ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. पोटासाठी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, पण जीव सगळा डोंगरात. शनिवारी एकदा सॅक पाठीला लागली की घरातल्या हाका त्यांना ऐकूच येत नसत. परत यायचे ते चिखलानं माखून, आणि मग झोपायच्या खोलीत पंख्याखाली ओला तंबू वाळत पडायचा. बुटांच्या वासानं पाहुणे दारातूनच मागं फिरत. "या घरात एक तर हे बूट राहतील नाहीतर मी," बायको म्हणायची. बूट राहिले आणि तीही राहिली.

भटकंतीवर त्यांनी पुस्तकं लिहिली, लोकांनी ती सॅकमध्ये घालून फाटेपर्यंत वापरली. लिहिण्याचा नियम एकच: जिथं आपला पाय लागला नाही, तिथलं अक्षर लिहायचं नाही. एका खिंडीवर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. प्रकाशक एकदा म्हणाले, "अहो, नकाशा आहे, फोटो आहेत, द्या की दोन पानं ठोकून." "मग नकाशाकडूनच घ्या लिहून," असं म्हणून पायपीटकर समोरचा चहा तसाच टाकून उठून आले.

आता ही खिंड काही फार लांब नव्हती, अवघडही नव्हती. अलीकडच्या एकूण एक शिखरांवरून त्यांनी ती पाहिली होती. पलीकडे म्हणे निळंशार तळं आहे, आणि त्याच्याही पलीकडे नजर पोचेल तिथवर नुसते डोंगर. सगळा मुलूख पालथा घातला आणि ही तेवढी ठेवली. का? तर बायकोबरोबर जायचं म्हणून! ती इस्पितळात नर्स. यांना सुट्टी तेव्हा हिची ड्यूटी, हिला रजा तेव्हा लेकीची परीक्षा. "पुढच्या वर्षी तुला खिंड दाखवतो," हे म्हणायचे. "हो हो, जाऊ की," ती त्यांचे मोजे पिळता पिळता म्हणायची. तिला ती आपली नेहमीची थट्टा वाटायची. डोंगरवेड्यांना ही एक खोडच असते बघा, सगळ्यात चांगलं ते शेवटाला ठेवायचं. डोंगर काय, जागचा हलत नाही. हलतात आपले पाय.

ती निवृत्त झाली. पायपीटकरांनी तिच्यासाठी नवे बूट आणले, जायचा दिवस ठरवला, आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरात घसरले. जन्मभर कडे उतरलेला माणूस साबणावरून पडला हो! खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "घरातल्या घरात चाला, पण चढ आता विसरा."

विसरा म्हणे! शनिवार आला की पायपीटकर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवणात लक्ष नाही, लिहिण्यात नाही. कुठं दुखतंय विचारलं तर म्हणत, "कुठं नाही." नर्सबाईंनी उभ्या जन्मात पुष्कळ रोगी पाहिले होते. एक दिवस ती म्हणाली, "अहो, मी जाते. लेकीला घेऊन जाते, डोळे भरून बघते आणि तुम्हाला सगळं सांगते. पायथ्यापर्यंत तुम्हीही चला."

पायथ्याच्या विश्रामगृहात पायपीटकरांनी स्वतः तिची सॅक भरली. जड वस्तू पाठीलगत, पाणी हाताशी. सूचना तर संपेचनात. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आई डोंगर चढायला चाललीय, लढाईवर नाही."

दोघी निघाल्या. पायपीटकर व्हरांड्यात दुर्बीण लावून बसले. दोन ठिपके चढत चढत पार खिंडीच्या खाली पोचले. तिथं एक ठिपका बसला. बराच वेळ बसला. आणि मग दोन्ही ठिपके खाली वळले. पायपीटकर काठी टेकून उभेच राहिले. पडली की काय? चक्कर आली की काय?

कसलं काय! ती आली ती धडधाकट, गाल लाल झालेले. "काय झालं?" यांनी विचारलं. "विचारा तुमच्या बायकोलाच," लेक फणकारली.

"शेवटचा चढ तेवढा राहिला होता," ती म्हणाली. "पण तुमच्याशिवाय पलीकडचं बघवेना. म्हटलं, राहू दे. तुम्ही बरे झालात की दोघं मिळून बघू. पुढच्या वर्षी."

पायपीटकरांनी काठी फरशीवर आपटली. एवढ्या संसारात त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. "कसलं पुढचं वर्ष? अगं, मी नाही आता बरा होत! हीच माती मी खाल्ली जन्मभर. तुझ्यासाठी राखली, राखली, आणि शेवटी कुणालाच नाही मिळाली. आता तू पण तेच कर!"

ती बघतच राहिली. "म्हणजे... खरंच माझ्यासाठी ठेवली होती?"

"मग काय थट्टा करत होतो?"

ती त्यांच्याजवळ बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लेकीला तिनंच उठवलं.

ऊन चढेपर्यंत पायपीटकरांनी दुर्बीण खाली ठेवली नाही. या वेळी ठिपका थांबला नाही. ती थेट खिंडीत पोचली, मागं वळून दोन्ही हात हलवले, आणि मग पलीकडे तोंड करून उभी राहिली. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी बाई, पण जागची हलेना. त्यांना दिसत होती नुसती तिची पाठ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बायकोचा हेवा वाटला, आणि पोटातून आनंदही झाला.

"काय दिसतंय गं तिथून?" त्या रिकाम्या व्हरांड्यात ते मोठ्यानं म्हणाले. "सांग ना, काय दिसतंय?"