पंख्याखालच्या बायका आणि मशीनचं वीजबिल

कुणीतरी आहे, जो वर्षानुवर्षं मशीनचं वीजबिल बायकांच्या माथी मारतो आणि वर त्यांनाच विचारतो, "तुमचा सेक्शन घाट्यात का?" मी नाव घेत नाही. घ्यायला गेलं तर सापडतच नाही, ही तर खरी चीड!

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या मिठाईच्या डब्यांच्या कारखान्यात मी कॉस्टिंग बघते. इथे किस्से पुठ्ठ्याच्या कातरणीसारखे साठतात. सकाळी झाडून काढावेत, संध्याकाळी पुन्हा ढीग. विजय नगरच्या आयटीवाल्या मैत्रिणी भेटल्या की आधी विचारतात, "आज काय झालं तुमच्याकडे?" घ्या मग.

*

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या अकाउंटंटना, देशपांडेकाकांना, विचारलं, "काका, इथे बजेट कसं बनतं?"

काका निवृत्तीला आलेले. आजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे घाई हा प्रकार त्यांच्या घराण्यातच नाही.

"सोप्पं आहे बेटा. मागच्या वर्षीचे आकडे घ्यायचे, थोडे फुगवायचे आणि सेठजींचा मूड बघून समोर ठेवायचे."

"आणि मूड खराब असला तर?"

"तर फुगवायचे नाहीत. फक्त साल बदलायचं!"

*

मशीन सेक्शनचे प्रमुख चौहान भिया; इंदुरात भैयाचा भिया होतो. त्यांना शाई जेवढी लागते, त्याच्या दुप्पट मागतात. का? तर सेठजी अर्धी कापतात म्हणून. सेठजी का कापतात? तर भिया दुप्पट मागतात म्हणून!

मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, डोक्यात सगळं लखलखीत. म्हटलं, "भिया, या वेळी खरा आकडा द्या. विश्वास ठेवा."

भियांनी खरा आकडा दिला. मी तो तसाच वर पाठवला. सेठजींनी सवयीने अर्धा केला.

ऐन राखीच्या सीझनला लाल शाई संपली. भिया माझ्या टेबलापाशी येऊन अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, सच बोलने का खर्चा किस खाते में डालूँ?"

*

जवळच्या बेटमा गावचे एक मिठाईवाले पेढ्यांच्या डब्यांचा भाव विचारायला आले. मी त्यांना साधा आकडा सांगितला नाही. चांगलं फोडून दाखवलं: पुठ्ठा इतका, शाई इतकी, मजुरी इतकी, ओव्हरहेड इतका.

त्यांनी कागद दोनदा वाचला. पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ये बराबर." शाईवर, "ये भी बराबर." मजुरीवरही मान हलली. ओव्हरहेडपाशी बोट थांबलं.

"ये क्या है?"

मी समजावलं. भाडं, वीज, ऑफिसचे पगार, चौकीदार.

"अच्छा अच्छा," ते मोठ्या मनाने म्हणाले. "तो ये मत डालो. मुझे सादा डब्बा ही चाहिए!"

*

मग एका दुपारी सेक्शनवार खर्चाचं शीट उघडलं आणि डोकंच फिरलं.

आमच्याकडे सेक्शन दोन. एक मशीनचा: छपाई नि कटिंग, माणसं मोजकी, धडधडाट दिवसभर. दुसरा हातकामाचा: लग्नाचे मखमली डबे चिकटवणाऱ्या पुष्कळ बायका, आणि वर दोन-तीन पंखे. आणि वीजबिल वाटलं होतं माणशी! बायका जास्त, म्हणून बिलाचा मोठा वाटा त्यांचा. म्हणून हातकाम घाट्यात. म्हणून सेठजींचा हुकूम: दिवाळीनंतर हा सेक्शन बंद.

"काका, हे माणशी वाटायचं कुणी ठरवलं?"

"कुणी असं नाही गं. पूर्वी फक्त चहाचा खर्च वाटायचो. चहा तर माणशीच वाटणार ना? मग भाडं आलं, बिल आलं. पद्धत तयारच होती."

"पण काका, वीज काय माणसं पितात?"

"नाही. पण चहाबद्दल आजवर कुणाची तक्रार आली नव्हती!"

*

हातकामाच्या प्रमुख मालतीताई. त्यांचे सासरे इथल्याच एका कापड मिलमध्ये होते. मी शीट समजावलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"मिल बंद झाली तेव्हाही घाटाच सांगितला होता. कुणाचा घाटा, ते मामंजींना शेवटपर्यंत कळलं नाही. तू निदान विचारून तर बघ."

मग मी भियांना सांगितलं, की दोन्ही सेक्शनला वेगळे मीटर मागणार आहे. ते उखडलेच. "आज तक मेरा सेक्शन कमाऊ पूत था. आप उसको उड़ाऊ बना रही हो!"

"भिया, कमाऊच राहील. फक्त खातो किती, तेही कळेल."

"हद है! खाने का हिसाब इंदौर में कोई पूछता है क्या?"

*

सेठजींबरोबरची मीटिंग मी मुद्दाम शनिवारी दुपारी ठेवली. मेंटेनन्ससाठी लाईट जाणार, असा मेसेज सगळ्यांच्याच मोबाइलवर आला होता. वाचला होता फक्त मी.

केबिनमध्ये एसीच्या गारव्यात सेठजी, काका, भिया आणि मी. पदर अंगाभोवती लपेटून मालतीताई. आजवर त्यांना या केबिनमध्ये कुणी बोलावलंच नव्हतं.

"नियम सबके लिए एक है," सेठजी म्हणाले. "हर आदमी पर बराबर. इसमें ग़लत क्या है?"

मी उत्तर देणार, एवढ्यात लाईट गेली. एसी बंद. पलीकडची मशीनं घुरघुरत थांबली. आमच्याकडे जनरेटर नाही. सगळीकडे सन्नाटा.

सगळीकडे नाही! हातकामाच्या सेक्शनमधून हसण्याचा आवाज येत होता. सेठजी उठून खिडकीशी गेले. बायकांनी शटर वर केलं होतं आणि त्या पुठ्ठे घेऊन दारातल्या उजेडात सरकल्या होत्या. मखमल चिकटत होती, डबे रचले जात होते.

"सेठजी," मी म्हटलं, "ये सेक्शन बंद कर दोगे, तब भी बिल तो लगभग इतना ही आएगा. फिर किसके माथे डालेंगे?"

सेठजी खिडकीशीच उभे राहून घाम पुसत होते. काका छताकडे बघत होते. अखेर भियाच म्हणाले, "लगवा दो मीटर, सेठजी. मैं भी देखूँ, मेरा पूत कितना खाता है."

"ठीक है," सेठजी वळले. "मीटर अलग लगेंगे. हातकाम चालू रहेगा."

मालतीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सैल सोडला.

तेवढ्यात लाईट आली. मशीनं धडधडली, डोक्यावरचा एसी सुरू झाला. चहावाले गोपालजी ट्रे घेऊन आत आले. त्यांनी ग्लास वाटले, थंड हवेखाली क्षणभर थांबले, वर बघितलं आणि विचारलं, "सेठजी, ये वाला किस सेक्शन में लिखोगे?"