प्रत्येकाला एक शॉट

माझ्या बहिणीचा नवरा माहितीपट काढतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग खरा पिक्चर कधी काढणार?" भावोजींना या प्रश्नाचा राग येत नाही. मला येतो. त्यांनी चित्रित केलेलं सगळं कापायचं-जोडायचं काम गेली अठरा वर्षं मी करते, आणि रागाचं खातंही आमच्याकडे माझ्याचकडे आहे.

आमचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. खिडकीला काळा कागद, आत दोन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते, ती पाहुण्यांसाठी. पाहुण्याने फार वेळ बसू नये म्हणून मी ती मुद्दामच दुरुस्त करून घेत नाही. भावोजी जमिनीवर भिंतीला टेकून बसतात आणि चहा गार करून पितात.

त्यांना पिक्चर बघण्याचं वेड आहे. दर गुरुवारी दुपारचा खेळ. कुठला लागलाय ते तिकीट काढल्यावर वाचतात. शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत उठत नाहीत. झाडणाऱ्या बाई "पाय वर घ्या" म्हणतात, हे पाय वर घेऊन बघतच राहतात. ताई बरोबर जाते आणि मध्यंतरापर्यंत गाढ झोपते. "घरी झोपलं की कोणीतरी हाक मारतंच," असं तिचं म्हणणं. एकदा मीही गेले होते. पिक्चर इतका भिकार, की अर्ध्यातच उठून बाहेर आले. भावोजी दीड तासाने बाहेर आले ते खुशीत. "चुकलीस तू! तो दरवान होता ना, नायक गेल्यावर त्याने बुटातला खडा काढला. अगं, खडा खरा होता!" पालथ्या घड्यावर पाणी.

"तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?" असं त्यांना पुष्कळ जण विचारतात. "सुचत काही नाही," भावोजी सांगतात. "बूड टेकून बसतो. समोरचा माणूस आपल्याला विसरला, की तोच दाखवायला लागतो." मी म्हणते, याला कला म्हणत नाहीत, चिकाटी म्हणतात. "असेल. कला पुढच्या जन्मी बघू."

पण या बसण्याला त्यांचा एक नियम आहे. पिक्चर जोडायच्या आधी, त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला त्याचे स्वतःचे शॉट एकट्याला बोलावून दाखवायचे. त्यातला कुठलाही एक शॉट त्याने काढून टाकायला सांगितला तर काढून टाकायचा, आणि का ते विचारायचं नाही. त्यांच्या पहिल्याच माहितीपटात शाळेचा शिपाई डुलकी घेताना दिसला होता. प्रेक्षक हसले, भावोजींचं कौतुक झालं, आणि तो बिचारा पुढे वर्षभर पोरांच्या चेष्टेचा विषय झाला. तेव्हापासून प्रत्येकाला एक शॉट. या नियमापायी माझे किती सुंदर तुकडे केराच्या टोपलीत गेले, ते माझं मला माहीत.

गेल्या वर्षी त्यांनी एका बाइंडरवर माहितीपट करायला घेतला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवून बांधून देतात. त्यांच्या दुकानात भावोजी पाच महिने रोज जाऊन बसले. काका पुठ्ठा कापायचे, खळ लावायचे, दाबयंत्रात पुस्तक घालून चाक फिरवायचे, सगळं कसं ठणठणीत. फक्त बारीक काम आलं की उजवा हात थरथरायला लागायचा.

एका सकाळी भावोजींना तो शॉट मिळाला. काका सुईत दोरा ओवतायत. दोरा नेढ्याजवळ जातो, हुकतो. पुन्हा जातो, पुन्हा हुकतो. सात वेळा. काका चिडत नाहीत, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतात आणि नव्या माणसासारखे परत सुरुवात करतात. आठव्यांदा दोरा जातो. चार मिनिटं, मध्ये कट नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा श्वास घ्यायलाच विसरले होते. तेवढाच तुकडा आम्ही नमुना म्हणून परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवाला पाठवला आणि त्यांचं पत्र आलं: पूर्ण पिक्चर पाठवा, जागा राखून ठेवली आहे. भावोजींना असं पत्र कधीच आलं नव्हतं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. ताईने शर्ट धुवायला काढला की आधी पत्र बाहेर.

मग नियमाप्रमाणे काका आले, डुगडुगत्या खुर्चीत बसले. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "छान आहे. ते सुईचं तेवढं काढा."

विचारायचं नसतं, पण माझ्या तोंडून निघालंच, "काका, अहो, तोच तर पिक्चर आहे!"

"असेल. पण घरी कळलं तर ती मला उद्यापासून दुकानात पाय ठेवू देणार नाही. तिला वाटतं, माझा हात अजून पूर्वीसारखाच चालतो."

दोन दिवसांनी काकू आल्या. त्यांचे शॉट थोडेच होते, सगळे घरातले. त्यातल्या एकात त्या भाजी चिरता चिरता बोलतात: "दुकानाच्या सुया मीच आणते. आता मोठ्या नेढ्याच्या आणते आणि जुन्या पाकिटात भरून ठेवते. यांना वाटतं, आज हात बरा चाललाय." तो शॉट संपला आणि काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बाई गं, हे मी बोलून गेले होय! हे काढा हो. त्यांना कळलं तर कुलूप लावून घरी बसतील. काम आहे म्हणून माणूस उभा आहे."

काकू जिना उतरून गेल्या आणि माझ्या संयमाचा बांध फुटला. "उद्यापासून लग्नाचे व्हिडिओ काढा तुम्ही! सुईही नाही आणि सुयांचं बोलणंही नाही, मग उरलं काय? ठणठणीत हाताचा म्हातारा? हे चक्क खोटं आहे, भावोजी!"

"खोटं नाही. अपुरं आहे."

"आणि महोत्सव?"

भावोजी खिशावर हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, पण ते पिक्चरला गेले नाहीत. ताईचा फोन आला, "घरात बसून भिंत बघतायत. काय केलंस तू त्यांना?" मला फार वाईट वाटलं. मी भांडत होते माझ्या तुकड्यासाठी. त्यांचं तर आयुष्यभर वाट पाहिलेलं दार बंद होत होतं, आणि बंद करणारेही तेच.

शुक्रवारी सकाळी आले, खाली बसले आणि म्हणाले, "काढ दोन्ही."

दोन शॉट कापून टाकायला दोन मिनिटं लागतात. मला दुपार झाली. महोत्सवाने पूर्ण पिक्चर पाहून गोड शब्दांत नकार कळवला. भावोजींनी ते पत्र वाचलं आणि चहा मागवला. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" मी विचारलं. "वाटतं ना," ते म्हणाले. "पण अगं, ती सुई आणि ते पाकीट, दोन्ही आपल्याला बघायला मिळालं. लोक जन्मभर तिकिटं काढतात, त्यांना एवढं मिळत नाही." आणि खरंच, त्यांचा चेहरा भरल्या पोटाच्या माणसासारखा होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी पिक्चर दाखवला तो वाचनालयाच्या सभागृहात. साठ खुर्च्या, चाळीसेक माणसं. काका-काकू पहिल्या रांगेत. मी त्यांच्या मागे बसले होते. जिथे सुई होती तिथे आता दाबयंत्राचं चाक फिरतं. तो भाग गेल्यावर काकांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे काकू भाजी चिरताना दिसल्या, नुसत्या चिरताना, आणि मग काकूंचे खांदे सैल झाले. दोघांनाही एकमेकांच्या गुपिताचा पत्ता नाही.

दिवे लागल्यावर एक तरुण शिक्षिका उठल्या. "काका, या वयातही तुमचे हात इतके स्थिर कसे हो?"

काकांनी मांडीवरचे हात हळूच कोटाच्या खिशात घातले. शेजारी भावोजी पुढे झुकून बघत होते.

एवढ्यात काकूच उभ्या राहिल्या.

"पहिल्यापासून तसेच आहेत," त्या म्हणाल्या. "रोज बघते ना मी."

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि लाजले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला.

अठरा वर्षांत मी कुणाचं खोटं बोलणं माझ्या कात्रीतून सुटू दिलेलं नाही. त्या दिवशी सभागृहात पहिली टाळी मी वाजवली.