विमानं बंद होती

सदानंद बोराडे मूळचे सिन्नरकडचे. कतारमध्ये, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवतात, तिथल्याच बिन महमूद भागात राहतात. एका जुन्या आयरिश कथासंग्रहातली एकच कथा अभ्यासक्रमात होती. सरांनी अख्खा संग्रह इतक्यांदा वाचलेला की पुस्तकाची शिवण सुटली होती. पण नेमकी ती कथा ते वर्गात घाईघाईने उरकायचे. अमेरिकेला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा बाप मरणाला टेकला तरी येत नाही, एवढीच कथा.

यंदा इकरा नावाच्या विद्यार्थिनीने हात वर केला. "सर, ही कुडन्ट कम, ऑर ही डिडन्ट?"

"परीक्षेत हे विचारत नाहीत," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले. पुढे त्यांना शिकवता आलं नाही.

२०२०च्या जूनमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, गावी वडील, अण्णा, शेवटचे दिवस मोजत होते. अडकलेल्या भारतीयांना नेणाऱ्या खास विमानात सरांना जागा मिळाली होती. पण गेल्यावर परत कधी येता येईल, नोकरी राहील का, कोणीच सांगेना. बायकोशी, नीताशी, बोलून त्यांनी जागा नाकारली. आईला सांगितलं, "विमानं बंद आहेत." चार दिवसांनी अण्णा गेले. चुलतभावाने, सचिनने, अग्नी दिला. सरांनी तो मोबाईलवर पाहिला. आई, हौसाबाई, उलट त्यांचीच समजूत घालत राहिली, "तू तरी काय करणार रे?"

वर्ग सुटल्यावर सर पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि आईला फोन लावला.

"आई, तेव्हा विमान होतं. मला जागा मिळाली होती. मीच आलो नाही."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"अण्णा दाराकडं बघत पडायचे," आई म्हणाली. "सारखं विचारायचे, सदा निघाला का. मी सांगायची, विमानं बंद हायेत, नाहीतर तो थांबलाच नसता. शेवटच्या दिवशीबी तेच सांगितलं. म्हंजे मरत्या माणसाला मी खोटं बोलले."

"आई, खोटं मी बोललो."

"तोंड माझं होतं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

उन्हाळी सुट्टीत सर गावी गेले. आईने भाकरी केली, ताट वाढलं, पाणी ठेवलं. नीताशी बोलली. त्यांच्याशी नाही. निघताना ते पाया पडले, तेव्हा ती पदराला हात पुसत उभी राहिली. डोक्यावर हात आला नाही.

आता शाळेच्या मधल्या सुट्टीत सर आईला फोन लावतात. सचिन उचलतो. "काकू शेतात गेल्यात," म्हणतो. तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. त्या उन्हात अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई शेतात नसते, हे दोघांनाही माहीत असतं.

"बरं," सर म्हणतात, "उद्या करतो."