झुडपांवर वाळवलेल्या वाकळी

ह्यांच्या काखेतला काळा डाग पाहून डॉक्टर थांबले. ‘‘हा कधीपासून आहे?’’

मला सांगता येईना. इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याच्या अंगावरचा डाग परक्या माणसानं दाखवला.

‘‘याला एस्कार म्हणतात. बारीक किडा चावला की तिथली कातडी मरते. हा स्क्रब टायफस, गवतातल्या किड्यांपासून होणारा ताप आहे. कुठं गवतात गेले होते का?’’

नागपूरचं काम सुटलं म्हणून आम्ही आसगावचं, कित्येक वर्षं कुलूपबंद असलेलं घर उघडलं होतं. साप-विंचवाच्या धाकानं काठी आपटत आत शिरलो, निंबाचा धूर केला, वायरिंग तपासून घेतली. पेटीतल्या वाकळींना कुबट वास येत होता. घरामागं छातीइतकं गवत माजलेलं. त्यावर आणि झुडपांवर मीच वाकळी पसरल्या, चांगलं ऊन खाऊ दिलं आणि रात्री ह्यांच्या अंगावर घातल्या. उन्हानं सगळं शुद्ध होतं, असंच आम्हाला शिकवलेलं.

ताप आला तेव्हा गावातून गोळ्या घेतल्या. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. अड्याळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तरी ताप हटेना. नणंद म्हणाली, ‘‘बंद घराची बाधा असंन वहिनी, नारळ फोडून पाह्य.’’ तोही फोडला. दम लागला तेव्हा कुठं भंडाऱ्याला ह्या डॉक्टरांकडं आणलं.

‘‘औषध साधंच आहे, डॉक्सिसायक्लिन. पण उशीर झाला, किडनीवर ताण आहे. आज काही सांगता येत नाही,’’ डॉक्टर म्हणाले.

मग आयसीयूबाहेरचा बाक. दार उघडलं की उठायचं, बंद झालं की बसायचं. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. त्या वाकळी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

तुम्हीही बंद घर उघडणार असाल तर आधी गवत कापून घ्या, तेही अंगभर कपडे घालून. अंथरूण दोरीवरच वाळवा. ताप आला तर काखा-जांघांत असा काळा डाग आहे का बघा आणि बंद घरात राहिल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. भंडाऱ्याला येईपर्यंत आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्ही बोललो नाही.

हे घरी आले. त्या तापानं ऐकू मात्र कमी येतं. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. मी चुलीपाशी बोलतच असते आणि हे विचारतात, ‘‘काहून बोलून नाही राहिली तू माह्यासंग?’’

हातातलं काम टाकून मी त्यांच्या कानाशी जाऊन बसते आणि सगळं पहिल्यापासून सांगते. त्या बाकावर मी एवढंच मागितलं होतं.