जट कापल्यावर

मंगळवारी सकाळी मायची जट कापली. संध्याकाळी, ती ज्यांच्या वाड्यावर राबायची त्या मालकांच्या माणसांनी तीच जट तिच्या गळ्यात बांधली आणि तिला वेशीपासून देवळापर्यंत चालवलं. मी मागून चालत होते.

माय या हिवाळ्यात गेली. म्हणून आता लिहिते.

आमच्याकडे बाईच्या केसांचा गुंता झाला, तेलपाण्यावाचून तो चिकटला, की म्हणतात देवीनं बाईला धरलं. मग त्या केसांना कात्री लावायची नाही. विंचरायचं नाही. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायचा. मायची जट माझ्या जन्माआधीची. कमरेखाली आलेली. भिजली की वाळत नसे. उवा. वास. त्या ओझ्यानं मान एका बाजूला कललेली.

नवरात्रात मालकीणबाई तिला पाटावर बसवायच्या. घरात नाही, अंगणात. वरून हळद-कुंकू टाकायच्या. ओटी भरायच्या. लांबून वाकून नमस्कार करायच्या. मालकही हात जोडायचे. मी तेव्हा शाळेत होते. एकदा मायला ठसका लागला. तिनं जवळचा तांब्या उचलला.

"अगं ए, ठिव तो!" मालकीणबाई ओरडल्या. "देवी तुज्या डोक्यात हाय. हात तुजेच हायत नव्हं?"

बाया हसल्या. मायही हसली. मग तो तांब्या तिलाच उकिरड्यावर नेऊन टाकायला लावला.

पुढे मी बीडला शिकले. एका शाळेचं ग्रंथालय सांभाळू लागले. मायची मान फार दुखायला लागली तेव्हा तिला माझ्याकडे आणलं, सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या सिस्टरनं त्या गुंत्याखाली हात घातला आणि दोन्ही तळव्यांत तिची मान धरली. माय रडायला लागली.

"दुखतंय का, मावशी?"

"न्हाई. कुनी हातच लावला नव्हता."

सिस्टर ख्रिस्ती होती. रविवारी तिच्या घरी प्रार्थना असायची. चटईवर बसलेली थोडी माणसं, एकाच माठातलं पाणी. माय जायला लागली. मी तिच्या सोबतीला. मायनं एकदा सरळ विचारलं, "जट कापली तर तुमचा देव मान बरी करंल का?"

"तसा शब्द मी देणार नाही," सिस्टर म्हणाली. "हा सौदा नाही, मावशी. पण त्याला भ्यायचं काम नाही."

कित्येक महिने गेले. मग त्या मंगळवारी, गावी आलो असताना, आमच्या अंगणात माय मला म्हणाली, "आण कात्री." कात्री चालेना. विळ्यानं कापली. खालची कातडी पांढरीफटक होती. जखमा होत्या. तिनं येशूचं नाव घेतलं आणि डोक्यावर पाणी ओतून घेतलं.

दुपारी मालकांच्या नातवाला ताप भरला. तेवढं पुरलं.

देवळापुढं मालक खुर्ची टाकून बसले होते. "नाक घास," म्हणाले. "म्हण, चुकलं. पुन्हा जट वाढवते म्हण."

पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. एक जण ओरडला, "ए देवी, घुम की!" हशा.

माय या वेळी हसली नाही. "लेकराला दवाखान्यात न्या, मालक. म्या त्येच्यासाठी प्रार्थना करते. अन् तुमाला म्या माफ केलं."

मालक उठले. "तू? तू मला माफ करणार?"

चप्पल काढली. तोंडावर मारली. पुन्हा मारली.

याच माणसानं तिला वर्षानुवर्षं हात जोडले होते. त्याला देवी चालत होती. मोलकरीण चालत होती. माफ करणारी बाई चालली नाही. माफ करायला समोर बरोबरीनं उभं राहावं लागतं. ते त्याला माझ्याआधी कळलं.

मी पुढं गेले. मायच्या गळ्यातली जट सोडली आणि त्याच्या पायांपुढं टाकली.

"ही तुमची देवी. तुम्ही सांभाळा. ही माझी माय आहे."

आम्ही निघालो. मागून दगड आले.

नातू सलाईननं बरा झाला. मायची मान शेवटपर्यंत दुखत राहिली. तरी तिनं बाप्तिस्मा घेतला, तरी तिचा रविवार चुकला नाही. मालकांचं नाव घेऊन ती प्रार्थना करायची. मी शेजारी डोळे मिटून बसायचे, ओठ हलवायचे नाही. मी जटेची देवी टाकली होती आणि सूड पाटावर बसवला होता. रोज त्याची ओटी भरत होते.

गावानं मायला पुरायला जागा दिली नाही. बीडला पुरलं. माती टाकताना मायची प्रार्थना पहिल्यांदा माझ्या ओठांवर आली. मालक आले नाहीत. मालकीणबाई एकट्या एसटीनं आल्या.

"चुकलं आमचं, बाई. आता इसर."

"विसरणार नाही. माफ करते. पण हे तुम्ही गावात, देवळापुढं म्हणा."

"ते कसं जमंल गं? हे जित्ते हायत अजून."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. एवढ्याला मी समेट म्हणत नाही. समेट होईल तो बरोबरीनं, सगळ्यांदेखत. तोवर मी सूड घेणार नाही आणि गप्पही बसणार नाही.

माय नाही. गावातलं घर आहे, देवळाच्या वाटेवर. सुट्टीला मी तिथं जाते, अंगणात बसून मालकांसाठी प्रार्थना करते. नाव घेऊन, मोठ्यानं. ते त्याच वाटेनं जातात. त्यांना ऐकू जातं.